हरवलेल्या अवशेषांची यादी

इसवी सन १००६च्या एप्रिल अखेरीस दक्षिण आकाशात, वृक तारकासमूहात, एक नवा तारा दिसू लागला. चीन आणि जपानच्या दरबारी ज्योतिषांनी त्याची नोंद केली, तशीच ती आल्प्सच्या कुशीतल्या सेंट गॅलनच्या मठातही झाली. इजिप्तमधला अली इब्न रिदवान त्या वेळी कोवळ्या वयाचा होता. पुढे नामवंत वैद्य झाल्यावर त्याने लिहून ठेवले, की हे तेज शुक्राच्या अडीच-तीन पट मोठे होते आणि त्याचा उजेड चंद्रप्रकाशाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्तच होता. माणसाने लिहून ठेवलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांत याच्याइतका तेजस्वी दुसरा नाही. हळूहळू तो मंदावला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर साडेनऊशे वर्षे त्या जागी काय उरले आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९६५ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने गार्डनर आणि मिल्न या शास्त्रज्ञांनी तिथे एक अंधुक रेडिओ कवच असल्याचे दाखवले. दृश्य प्रकाशातले त्याचे पुसट तंतू छायाचित्रात मिळायला १९७६ साल उजाडावे लागले.

सर्वांत तेजस्वी स्फोटाचा अवशेष इतका मंद कसा, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. मंद अवशेषांच्या रेडिओ निरीक्षणांचा सगळा विषय याच प्रश्नाभोवती फिरतो.

तारा दोन प्रकारे फुटतो. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराखाली कोसळतो आणि वरचे थर उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात एखादा श्वेतबटू शेजाऱ्याकडून द्रव्य ओढून घेतो किंवा दुसऱ्या श्वेतबटूत मिसळतो आणि अणुभट्टीसारखा पेटून पूर्ण नष्ट होतो. १००६चा स्फोट या दुसऱ्या प्रकारचा होता. मार्ग कोणताही असो, उधळलेल्या द्रव्याला मिळणारी गतिज ऊर्जा प्रचंड असते. सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा प्रकाशरूपाने देईल, साधारण तेवढी. द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर सुटते, वाटेतल्या विरळ वायूवर आदळते आणि तिथे आघात-लहर उभी राहते. या लहरीच्या अलीकडे-पलीकडे टोलवले जाणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पोहोचतात. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत धावताना ते रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. स्फोटाचा दृश्य उजेड काही महिन्यांत ओसरतो, पण हे रेडिओ प्रारण हजारो वर्षे चालू राहते.

किती तेजाने चालू राहते, हे मात्र ताऱ्यापेक्षा त्याच्या शेजारावर जास्त अवलंबून असते. आजूबाजूला वायू दाट असेल तर आघात जोरकस, चुंबकीय क्षेत्र बळकट आणि अवशेष झगझगीत. वायू विरळ असेल तर कवच पसरत जाते, पण त्याला अडवायला फारसे काही नसते. १००६चा अवशेष आकाशगंगेच्या चकतीपासून बराच वर आहे. खगोलशास्त्रातले त्याचे नाव ‘जी ३२७.६+१४.६’ हेच सांगते: आकाशगंगेच्या निर्देशकांप्रमाणे रेखांश ३२७.६ अंश, अक्षांश चकतीच्या वर १४.६ अंश. त्याची तुलना शर्मिष्ठेतल्या ‘कॅसिओपिया ए’शी करून पाहावी. हा अवशेष आपल्यापासून सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवर आहे, १००६चा सुमारे ७ हजार. म्हणजे १००६चा जवळचा. तरीही १ गिगाहर्ट्झ वारंवारतेला ‘कॅसिओपिया ए’ दोन हजारांहून अधिक जान्स्की (रेडिओ तेज मोजण्याचे एकक) भरतो आणि १००६चा जेमतेम वीस. शिवाय ही वीस जान्स्कींची शिदोरी पूर्ण चंद्राएवढ्या क्षेत्रावर पसरलेली आहे, तर ‘कॅसिओपिया ए’चा व्यास त्याच्या एक षष्ठांश. पृष्ठतेजाचा हिशेब केला तर फरक हजारो पटींचा निघतो.

आता एक साधे गणित. आपल्या आकाशगंगेत शंभर वर्षांत सरासरी दोनेक तारे असे फुटत असावेत. एक अवशेष रेडिओ लहरींत पन्नास-साठ हजार वर्षे दिसू शकतो असे धरले, तर आज आकाशात हजाराहून अधिक अवशेष असायला हवेत. केंब्रिजचे डेव्हिड ग्रीन १९८४पासून या अवशेषांची सूची सांभाळत आले आहेत आणि खगोलशास्त्रात तीच प्रमाण मानली जाते. तिच्या २०१४ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांत अवशेषांची संख्या २९४ होती. त्यानंतर थोडी भर पडली, पण आकडा अजून तीनशेच्या आसपासच घुटमळतो. मराठी वाचकाला अप्रूप वाटावे असा तपशील हा, की या जगन्मान्य सूचीच्या २००९ आणि २०१४च्या आवृत्त्या भारतीय खगोलशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आणि २०१९ची भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आली.

मग उरलेले सातशे-आठशे गेले कुठे?

ते गेलेले नाहीत. जे ठळक होते ते आधी सापडले, जे मंद किंवा फार लहान आहेत ते निसटले. ही सूची म्हणजे आकाशगंगेतल्या मृत ताऱ्यांची खानेसुमारी, असा समज करून घेणे चुकीचे आहे. ती आपल्या दुर्बिणींच्या कुवतीची नोंद आहे. याचा लख्ख पुरावा २००६ साली मिळाला. क्रिस्टल ब्रोगन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ या दुर्बिणीने ३३० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेच्या पट्ट्यातला एक तुकडा, रेखांश ४.५ ते २२ अंशांमधला, बारकाईने पाहिला. तोपर्यंत त्या तुकड्यात १९ अवशेष माहीत होते. या एका पाहणीत आणखी ३५ सापडले. आकाश तेच, तुकडाही तोच. बदलली ती फक्त पाहण्याची ताकद. २०१९ साली नताशा हर्ली-वॉकर यांच्या गटाने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरेच्या आणखी कमी वारंवारतांच्या निरीक्षणांतून २७ नवे अवशेष मांडले.

लहान असल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या अवशेषाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९८४ साली ग्रीन आणि स्टीफन गल यांनी धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राजवळ, ‘जी १.९+०.३’ नावाचे एक चिमुकले कवच नोंदवले. व्यास सव्वा कलेच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास, तेज एक जान्स्कीहूनही कमी. यादीत एक नाव वाढले एवढेच. २००७ साली ‘चंद्रा’ या क्ष-किरण वेधशाळेने त्याचे चित्र घेतले, तेव्हा स्टीफन रेनॉल्ड्स यांच्या गटाच्या लक्षात आले, की १९८५च्या रेडिओ चित्राच्या तुलनेत कवच सुमारे १६ टक्क्यांनी मोठे दिसते आहे. रेडिओ आणि क्ष-किरण यांची अशी थेट तुलना फसवी ठरू शकते. म्हणून २००८ साली ग्रीन यांनी त्याच ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ने पुन्हा निरीक्षण केले. वाढ खरी निघाली. वेगावरून मागे मोजत गेल्यावर अवशेषाचे वय दीडशे वर्षांच्या आत आले. म्हणजे या स्फोटाचा उजेड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवर पोहोचायला हवा होता. जगभर वेधशाळा होत्या, छायाचित्रणही आले होते, पण मधल्या धुळीने तो उजेड पार गिळून टाकला आणि कोणालाही काही दिसले नाही. आपल्या आकाशगंगेतला सर्वांत तरुण ज्ञात अवशेष चोवीस वर्षे यादीत पडून होता.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बाकीचे तरुण अवशेष वर्षागणिक मंद होत जातात. ‘कॅसिओपिया ए’ तर मोजता येईल इतका मंदावतो आहे. हा मात्र उजळतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोलोंग्लो दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या जुन्या नोंदी चाळून टारा मर्फी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्याचे रेडिओ तेज दरवर्षी एक टक्क्याहून थोडे अधिक वाढत आले आहे. त्या नोंदी घेतल्या गेल्या तेव्हा या अवशेषाचे महत्त्व कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. जुनी निरीक्षणे जपून ठेवण्याचे मोल यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

मंद अवशेष ओळखायचा कसा? पहिली खूण आकाराची. कवच पोकळ असते आणि साबणाच्या फुग्याप्रमाणे मधोमध पारदर्शक, कडेला ठळक दिसते, कारण कडेवरून पाहताना नजर कवचाच्या जास्त जाडीतून जाते. पण आकाशगंगेच्या पट्ट्यात तरुण ताऱ्यांनी तापवलेले हायड्रोजनचे मेघही गोलसर असतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्यांच्यापासून अवशेष वेगळा काढायला दुसरी खूण लागते: सिंक्रोट्रॉन प्रारण वारंवारता घटवत नेली की वाढत जाते, तर तापलेल्या मेघाचे तेज जवळपास तेवढेच राहते. म्हणून एकच वस्तू दोन-तीन वारंवारतांवर मोजतात. तिसरी खूण अवरक्त चित्रांतून मिळते. मेघातली गरम धूळ तिथे लख्ख चमकते, अवशेषाच्या जागी बहुधा काहीच नसते. या तिन्ही कसोट्यांवर उतरेपर्यंत वस्तूला ‘उमेदवार’ म्हणतात, आणि कित्येक उमेदवार वर्षानुवर्षे उमेदवारच राहतात.

कमी वारंवारतांवर अवशेष ठळक होतात, इथेच महाराष्ट्राचा या विषयाशी खराखुरा संबंध जुळतो. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद गावच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. त्यांची भारतातली पहिली रेडिओ दुर्बीणही याच राज्यात, मुंबईजवळ कल्याणला होती. १९६५ साली तिथे त्यांनी जेमतेम दोन मीटरच्या ३२ लहान तबकड्या ओळीने मांडून सूर्याचे वेध घेतले होते. १९७०मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली आणि त्यानंतर खोडद. जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपासच्या क्षेत्रात दाटीने, तर उरलेल्या इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, शेताशिवारांमधून उभ्या आहेत.

तबकडी जवळून पाहिली की स्वरूप यांच्या कल्पकतेची खूण पटते. पत्रा कुठेच नाही. स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारांची जाळी ताणलेल्या दोरखंडांच्या चौकटीवर बसवली आहे. जाळीची घरे मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. मीटरभर लांबीच्या लहरींना एवढी बारीक छिद्रे जाणवतच नाहीत, त्या आरशावरून परताव्यात तशा परततात. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा भार घटल्यामुळे तबकडीचा सांगाडा हलका झाला, खर्च आटोक्यात राहिला आणि देशाला परवडेल अशा पैशात जगातल्या आघाडीच्या दुर्बिणींपैकी एक उभी राहिली.

जागेचाही फायदा आहे. आकाशगंगेचे केंद्र दक्षिण गोलार्धात, खगोलीय विषुववृत्ताखाली २९ अंशांवर आहे. खोडदहून ते क्षितिजावर सुमारे ४२ अंश चढते. न्यू मेक्सिकोतल्या ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’हून २७ अंश आणि जर्मनीतल्या एफेल्सबर्गहून दहा-अकरा अंशच. अवशेषांची गर्दी केंद्राच्या दिशेला असल्याने हा फरक मोठा आहे. सुभाशिष रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी २००२ साली केंद्राजवळच्या चार संशयित अवशेषांची जीएमआरटी निरीक्षणे प्रसिद्ध केली. २०१३मध्ये रॉय आणि सव्यसाची पाल यांनी ‘जी ३५४.४+०.०’ हा लहान आणि तरुण अवशेष असल्याचे मांडले. असे दावे पुढच्या निरीक्षणांत पुन्हा पुन्हा तपासले जातात, आणि तपासले जायलाच हवेत.

निरीक्षण म्हणजे दुर्बीण वळवली आणि चित्र उमटले, असे नसते. सत्राची सुरुवात ‘३सी ४८’ किंवा ‘३सी २८६’ अशा ज्ञात तेजाच्या स्रोतापासून होते. त्याच्यावरून मोजपट्टी ठरते. मग लक्ष्याकडे वळायचे, पण ठरावीक अंतराने जवळच्या एखाद्या बिंदूसारख्या स्रोताकडे परत यायचे, कारण वरचे आयनांबर सतत हलते आणि लहरींच्या वेळा बिघडवते. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाचा एक विशिष्ट बारकावा टिपते. मोबाइल, वीजवाहिन्या, उपग्रह यांचे संकेत ज्या नोंदींत घुसले आहेत, त्या वेचून काढून टाकायच्या. एवढे झाल्यावर उरलेल्यातून चित्र बांधायचे.

इथे मंद अवशेषाची खरी अडचण येते. जोडीतले अंतर जितके जास्त, तितका बारकावा सूक्ष्म. मोठा आणि सपाट पसरलेला उजेड दिसायला अंतर कमी हवे. पण दोन तबकड्या एकमेकींना चिकटवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे एका मर्यादेपुढची मोठी आकृती अशा दुर्बिणीला दिसतच नाही. अवशेषाभोवती चित्रात शून्याहून खाली गेलेला काळपट खळगा दिसला, की तेज कुठेतरी हरपले आहे असे समजावे. ३२५ मेगाहर्ट्झवर जीएमआरटीची ही मर्यादा अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. त्यातही तिला केंद्रातल्या त्या १४ तबकड्यांचाच आधार असतो.

म्हणूनच ‘होइंगा’सारखी गोष्ट घडते. २०२१ साली ‘ईरोसीटा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या पाहणीत वेर्नर बेकर आणि सहकाऱ्यांना ४.४ अंश रुंदीचा एक अवशेष सापडला. पूर्ण चंद्राच्या जवळपास नऊपट रुंद! त्यानंतर जुन्या रेडिओ सर्वेक्षणांत शोध घेतला, तर तो तिथेही होताच. कोणी ओळखला नव्हता, कारण चकतीपासून २४ अंश दूर, इतक्या मोठ्या आणि फिकट आकाराकडे अवशेष म्हणून पाहण्याची सवयच नव्हती. दुर्बिणीची मर्यादा असते तशी पाहणाऱ्याच्या अपेक्षेचीही असते, आणि या क्षेत्रात ही दुसरी मर्यादाही महागात पडली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ३६ तबकड्यांच्या ‘आस्कॅप’ दुर्बिणीने हे चित्र आता झपाट्याने बदलले आहे. २०२३मध्ये ‘अँकोरा’ आणि २०२५मध्ये ‘टेलिऑस’ हे अत्यंत फिकट अवशेष तिने दिले. ‘टेलिऑस’ जवळपास निर्दोष वर्तुळ आहे. पण त्याचे अंतर सुमारे ७ हजार प्रकाशवर्षे की २५ हजार, हे ठरलेले नाही. त्यामुळे त्याचा व्यास ४६ प्रकाशवर्षे की १५७, हेही नाही; आणि व्यास कळल्याशिवाय वय कळत नाही. अंतर हे या शाखेचे जुने दुखणे आहे. पृष्ठतेजावरून व्यास काढण्याची एक रीत रूढ आहे, परंतु खुद्द ग्रीन यांनीच तिच्यावर वारंवार आक्षेप घेतले आहेत, आणि १००६चे उदाहरण पाहता ते योग्यच वाटतात.

उत्साहाच्या भरात पुराव्यापुढे धावण्याचा मोहही इथे असतो. श्रीनगरजवळच्या बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन शिळेवर शिकारी, जनावरे आणि वर दोन तेजस्वी गोल कोरलेले आहेत. त्यांतला एक गोल म्हणजे ‘एचबी ९’ या आज दोन अंश पसरलेल्या रेडिओ अवशेषाचा मूळ स्फोट असावा, अशी मांडणी मुंबईचे मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी केली. मांडणी विचार करायला लावणारी आहे. परंतु शिळेचा काळ आणि अवशेषाचे वय या दोन्ही बाजू सैल असताना तिला सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नये.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेडिओ चित्रांतले रंग संगणकाने दिलेले असतात, ते तेजाची पायरी दाखवतात. आणि चित्राखाली वारंवारता व दुर्बिणीची भेदनक्षमता दिलेली नसेल, तर त्या चित्रावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि तबकड्या जवळून पाहायला मिळतात. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. तेथील शास्त्रज्ञ ज्या संकेतांच्या मागे आहेत ते एका जान्स्कीच्या हजाराव्या हिश्श्याइतके क्षीण असतात, म्हणून परिसरात शिरण्यापूर्वी मोबाइल पूर्ण बंद करावा.